बांधलेली साखर, सुटी साखर

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी काढून झाली की एकाच ताटाचे दोन हिस्से दोन वाटांनी जातात. दाणे पोत्यात भरून घरात येतात, कडब्याची गंजी लागते. दाण्याची भाकरी माणूस खातो आणि कडब्याची कुट्टी बैल-म्हशी खातात. दाण्यातले पिष्ट आणि कडब्यातले सेल्युलोज ही दोन्ही एकाच रेणूची माळ आहे. तो रेणू म्हणजे ग्लुकोज. एक मणी पुढच्या मण्याला कोणत्या बाजूने जोडला आहे, एवढाच काय तो फरक. पिष्टातला जोड आपल्या लाळेतली आणि लहान आतड्यातली विकरे सहज तोडतात. सेल्युलोजमधला जोड तोडणारे विकर माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. म्हणून ग्लुकोजने भरलेल्या गंजीशेजारी माणूस उपाशी राहू शकतो.

आपल्या बोलण्यात ग्लुकोज येते ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे उन्हाळ्यात पाण्यात कालवून प्यायची पावडर किंवा दवाखान्यात लावलेली बाटली, आणि दुसरे म्हणजे मधुमेहाचा रिपोर्ट. एकीकडे ते ताकद असते, दुसरीकडे शत्रू. दोन्हीकडे आपल्याला दिसते ते सुटे ग्लुकोज. सजीवांमधले ग्लुकोज मात्र बहुतांशी सुटे नसतेच. निरोगी माणसाच्या पाच लिटर रक्तात उपाशीपोटी सगळे मिळून साडेचार ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. त्याच माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत मात्र ते बांधलेल्या रूपात याच्या शंभरपट असते. माझ्या मते ग्लुकोज समजून घ्यायचे तर या तफावतीपासून सुरुवात करावी. जीवसृष्टीने या रेणूवर सगळी भिस्त ठेवली, पण त्याला मोकळे फार ठेवले नाही. झाडाचे खोड, गाईचे पोट, आपले यकृत या सगळ्यांच्या घडणीमागे तो कुठे बांधायचा आणि कधी, किती सोडायचा हाच प्रश्न आहे.

रसायनशास्त्राच्या हाती हा पदार्थ लागला तो बेदाण्यांमधून. बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये बेदाण्यांतून उसाच्या साखरेहून वेगळी अशी एक साखर काढली. थंडीत मधाची बाटली गोठते तेव्हा जे पांढुरके कण बसतात ते या साखरेचेच. मधातले फ्रुक्टोज पाण्यात विरघळलेले राहते आणि ग्लुकोज स्फटिक होऊन वेगळे पडते. गोठला म्हणजे मध भेसळीचा, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन हे सूत्र एकट्या ग्लुकोजचे नाही. याच अणूंची, याच क्रमाने पण अवकाशात वेगवेगळ्या दिशांना वळलेली सोळा रूपे संभवतात. त्यातले ग्लुकोज नेमके कोणते, हे जर्मनीच्या एमिल फिशर यांनी १८९१ च्या सुमारास केवळ तर्काने आणि प्रयोगशाळेतल्या अभिक्रियांनी ठरवले. रेणूची रचना दाखवणारे कोणतेही यंत्र तेव्हा नव्हते. १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्यांचे ते तर्क आज कागदावर क्रमाने मांडून पाहिले तरी थक्क व्हायला होते.

पण सोळांतून हेच एक का निवडले गेले? याचे एक पटणारे उत्तर बन आणि हिगिन्स या संशोधकांनी १९८१ मध्ये दिले. अशा साखरेचा रेणू पाण्यात बहुतेक वेळ कडे करून असतो. ते कडे उघडले की त्याचे एक टोक मोकळे होते आणि भेटेल त्या प्रथिनाला चिकटते. ग्लुकोजच्या कड्यात सगळे मोठे गट बाहेरच्या बाजूला, एकमेकांना अडथळा न करता बसतात. त्यामुळे ते कडे फार स्थिर असते आणि कोणत्याही क्षणी लाखात दोन-तीनच रेणू उघडलेले सापडतात. बन आणि हिगिन्स यांनी ज्या साखरा हिमोग्लोबिनबरोबर ठेवून पाहिल्या, त्यांत ग्लुकोज सर्वांत सावकाश चिकटले. म्हणजे या कुळातला हा सगळ्यात कमी उपद्रवी रेणू. पण कमी उपद्रवी म्हणजे निरुपद्रवी नव्हे, आणि त्या उरलेल्या उपद्रवाचा परिणाम पुढे मधुमेहात दिसतो.

वनस्पती ग्लुकोज तयार करतात असे आपण शाळेत शिकलो. कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी बरोबर ग्लुकोज हे समीकरण हिशेबापुरते ठीक आहे, पण पानात प्रत्यक्ष तसे घडत नाही. मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला या शेवाळाला किरणोत्सारी कार्बन देऊन त्याचा माग काढला. या कामासाठी कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल मिळाले. हरितद्रव्याच्या कणिकेतून बाहेर पडते ती तीन कार्बनची छोटी साखर. तिच्यापासून पानातच सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, बनते आणि तीच नळ्यांतून मुळांकडे, फळांकडे, दाण्यांकडे जाते. दिवसा उरलेला माल कणिकेतच पिष्ट होऊन बसतो आणि रात्री मोडून वापरला जातो. सुटे ग्लुकोज पानातही फार साचत नाही.

वाहून न्यायला सुक्रोजच का, याचे उत्तर पुन्हा त्या मोकळ्या टोकापाशी येते. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आपापल्या चिकट टोकांनीच एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे ते वाटेत कुणाला चिकटत नाही. कीटकांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्यांच्या शरीरद्रवात फिरणारी मुख्य साखर आहे ट्रेहॅलोज, म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन ग्लुकोज. पानाची आणि टोळाची वंशावळ इतकी वेगळी असूनही दोघे एकाच युक्तीपाशी पोचले.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हे रसायन साखर कारखान्याच्या हिशेबात रोज भेटते. ऊस हे उन्हात फार कार्यक्षम असलेले पीक. कार्बन पकडण्याची त्याची वेगळी रीत हवाईमधल्या संशोधकांच्या आधी लक्षात आली आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हॅच आणि स्लॅक यांनी ती नीट मांडली. ज्वारी, बाजरी आणि मका हेही याच रीतीचे. पक्व उसाच्या कांड्यात सुक्रोज साठते, पण ऊस तोडला की उलटा प्रवास सुरू होतो. कांड्यातलेच इन्व्हर्टेज हे विकर आणि कापलेल्या टोकांतून शिरलेले सूक्ष्मजीव सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागतात. हे दोघे कारखान्यात सुक्रोजसारखे स्फटिक होऊन हाती येत नाहीत, मळीत जातात. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला जावा असे सांगतात आणि फडात किंवा गव्हाणीपुढच्या रांगेत शिळा झालेला ऊस उतारा पाडतो. उतारा अकरा टक्के म्हणजे टनाला एकशे दहा किलो साखर. त्यात अर्ध्या टक्क्याची घट झाली तर टनामागे पाच किलो साखर मळीच्या टाकीत गेली.

गुऱ्हाळावर हीच गोष्ट डोळ्यांनी दिसते. काहिलीतल्या रसात सुटी साखर वाढली असेल तर गूळ मऊ पडतो, ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. रसाचा आंबटपणा आणि उष्णता सुक्रोज मोडतात, म्हणून गुळव्या बेताने चुना घालतो आणि रसाच्या रंगावर, फुटणाऱ्या बुडबुड्यांवर नजर ठेवतो. कोल्हापूरच्या गुळव्यांनी प्रयोगशाळेची वाट न पाहता हे ज्ञान हातात मुरवले. त्याची नोंद आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत क्वचितच येते याचे मला वाईट वाटते.

फळात मात्र झाडाला ग्लुकोज सुटेच करायचे असते. जळगावच्या केळीच्या कच्च्या गरात वीस टक्क्यांच्या आसपास पिष्ट असते. केळ पिकते तोवर ते एक-दोन टक्क्यांवर येते आणि त्याची साखर होते. गर खाऊन बी लांब नेणाऱ्या पाखरा-वटवाघळांना दिलेली ती मजुरी. उलट विदर्भाचा कापूस पाहावा. सरकी काढलेल्या धाग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज, म्हणजे हजारो ग्लुकोजच्या सरळ, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या साखळ्या. त्या पाण्यात विरघळत नाहीत आणि ताणाला टिकतात. अंगावरचे सुती धोतर किंवा लुगडे रासायनिक हिशेबाने जवळजवळ सगळे ग्लुकोजच असते. पृथ्वीवर सजीवांनी बनवलेल्या पदार्थांत सेल्युलोजइतके विपुल दुसरे काही नाही.

एवढे ग्लुकोज कुलूपबंद असताना ते उघडायला शिकणाऱ्याचे भले होणारच. गाई-म्हशींनी ते काम स्वतः न करता भाड्याने दिले. त्यांच्या कोठीपोटात जिवाणू, बुरशी आणि एकपेशीय जीवांची प्रचंड वस्ती असते. तीच सेल्युलोज मोडते. पण मोकळे झालेले ग्लुकोज ती गाईला देत नाही, स्वतःच आंबवून टाकते. गाईच्या वाट्याला येतात ती ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट ही छोटी आम्ले. म्हणजे दिवसभर ग्लुकोजच्या साखळ्या चघळणाऱ्या गाईच्या आतड्यातून रक्तात ग्लुकोज जवळजवळ शिरतच नाही. तिला लागणारे ग्लुकोज तिचे यकृत मुख्यतः प्रोपियोनेटपासून नव्याने घडवते.

दूध देणाऱ्या गाईला ते किती लागते? गाईच्या एका लिटर दुधात सुमारे ४८ ग्रॅम लॅक्टोज असते आणि लॅक्टोजचे दोन्ही अर्धे शेवटी ग्लुकोजपासूनच बनतात. वीस लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या कासेला दिवसाला किलोभराहून अधिक ग्लुकोज लागते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दूध एकदम वाढते, पण गाईची भूक तितकी वाढलेली नसते. मग ती अंगावरची चरबी जाळते, रक्तात कीटोन साचतात, श्वासाला वेगळा गोडसर वास येतो, गाय खाणे सोडते. याला किटोसिस म्हणतात, आणि त्यावर पशुवैद्य शिरेतून डेक्स्ट्रोज देतात. ते ग्लुकोजच आहे.

उलट बाजूचे संकटही गोठ्यात येते. लग्नाच्या पंगतीत उरलेला भात, पोळ्या, गोड पदार्थ जनावरापुढे घातले की कोठीपोटात सहज मोडणाऱ्या पिष्टाचा लोंढा येतो. ठरावीक जातीचे जिवाणू त्यावर बेसुमार वाढून लॅक्टिक आम्ल तयार करतात, पोट आंबते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर धडधाकट जनावर एक-दोन दिवसांत दगावते. बांधलेले ग्लुकोज हळूहळू सुटेल या बेताने जे पोट घडले, त्याला एकदम सुटलेले ग्लुकोज झेपत नाही. शिळे अन्न वाया जाऊ नये या चांगल्या हेतूनेच ते घातलेले असते, म्हणून हे पशुपालकांना पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

पेशीच्या आत ग्लुकोजचे काय होते, याचा शोध लागायला चाळीस वर्षे लागली. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रस साखरेत घातला आणि पेशी जिवंत नसतानाही ती आंबली. किण्वनाला जिवंतपणाची गूढ शक्ती लागत नाही, विकरे पुरतात, हे त्यातून ठरले. पुढे एम्बडेन, मायरहॉफ, पार्नास आणि इतरांनी ग्लुकोज मोडण्याच्या दहा पायऱ्या एकेक करून उलगडल्या. यीस्ट असो, कोळंबी असो की माणूस, या पायऱ्या त्याच. इतक्या दूरच्या जीवांत सामाईक असणारी वाट फार जुनी असली पाहिजे.

त्या वाटेची पहिलीच पायरी आपल्या मुद्द्याची आहे. ग्लुकोज पेशीत आले की त्याला लगेच फॉस्फेट जोडले जाते आणि मग त्याला पेशीच्या आवरणातून परत जाता येत नाही. म्हणजे पेशीतही सुटे ग्लुकोज टिकू दिले जात नाही. दहा पायऱ्यांच्या शेवटी एका ग्लुकोजमागे एटीपी या ऊर्जावाहक रेणूंची निव्वळ कमाई होते फक्त दोन. उरलेली ऊर्जा निघते ती तंतुकणिकांमध्ये, हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रातून आणि त्यापुढच्या श्वसनसाखळीतून. सगळे मिळून तीसेक एटीपी होतात. एटीपीचा शोध १९२९ चा. जर्मनीत लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. स्नायूतला फॉस्फोक्रिएटिन हा साठाही याच जोडीने १९२७ मध्ये दाखवून दिला होता. सुब्बारावांचे नाव आपल्या जीवशास्त्राच्या वर्गात आजही पुरेसे घेतले जात नाही.

तांबड्या पेशींत तंतुकणिका नसतात, म्हणून त्यांचा सगळा संसार त्या दोन एटीपींवर चालतो. त्यांना ग्लुकोजशिवाय दुसरे इंधन नाही. मेंदूचीही भिस्त जवळजवळ त्यावरच. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज संपवतो. पण ग्लुकोजला निव्वळ इंधन समजणे कोतेपणाचे होईल. डीएनए आणि आरएनए यांच्या कण्यातली पाच कार्बनची साखर त्यापासून बनते. कोळंबीच्या सालीतले आणि कुत्र्याच्या छत्रीच्या पेशीभिंतीतले कायटिन हे ग्लुकोजच्याच बदललेल्या रूपाची साखळी आहे. शेळी ग्लुकोजपासून स्वतःचे क जीवनसत्त्व तयार करते. माणसाच्या पूर्वजांनी मात्र त्या वाटेतले शेवटचे विकर गमावले, म्हणून आपल्याला आवळा-लिंबू खावे लागते.

रक्तातल्या त्या चमचाभर साखरेची पातळी दिवसभर कोण सांभाळते, हे दाखवले क्लोद बेर्नार यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समज असा होता की साखर वनस्पती बनवतात आणि प्राणी ती फक्त जाळतात. बेर्नार यांनी कुत्र्यांना केवळ मांस घालूनही त्यांच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर दाखवली. १८५५ मध्ये त्यांनी एक यकृत रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून, साखरेचा मागमूसही उरणार नाही इतके धुतले आणि तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती. यकृतात कशाचा तरी साठा आहे आणि त्यातून ती सुटते, हे त्यातून दिसले. १८५७ मध्ये त्यांनी तो साठा वेगळा काढला. तोच ग्लायकोजेन.

ग्लायकोजेनची गरज एका आकड्यात कळते. जेवणानंतरच्या यकृतपेशीतले सगळे ग्लायकोजेन सुटे केले तर आतल्या ग्लुकोजची तीव्रता रक्ताच्या सुमारे ऐंशीपट होईल. तेवढे विरघळलेले कण बाहेरचे पाणी ओढतील आणि पेशी फुटेल. हजारो रेणू एका फांद्याफुटीच्या गोळ्यात बांधले की पाण्याच्या हिशेबाने ते एका कणाइतकेच मोजले जातात, आणि फांद्या अनेक असल्याने गरज पडताच एकाच वेळी अनेक टोकांकडून ते सोडता येतात. यकृतात असा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास, स्नायूंत एकूण चारशेच्या आसपास. स्नायूचा साठा स्नायूसाठीच, कारण जोडलेले फॉस्फेट काढून ग्लुकोज रक्तात सोडणारे विकर त्याच्याकडे नाही. जोरात काम करणारा स्नायू लॅक्टेट बाहेर टाकतो आणि यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने १९२९ मध्ये मांडले. १९४७ चे नोबेल दोघांना मिळाले.

यकृताचा साठा साधारण एक दिवस पुरतो. निर्जळी एकादशी करणाऱ्याच्या शरीरात दुसऱ्या सकाळपर्यंत तो बहुतेक संपतो आणि यकृत अमिनो आम्लांपासून, लॅक्टेटपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवे ग्लुकोज बनवू लागते. उपास कित्येक दिवस लांबला तर मेंदूसुद्धा कीटोनवर चालायला शिकतो. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपासात यातले काही घडत नाही, कारण साबुदाणा हे जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. मधुमेही माणसाने उपासाचे पदार्थ हलके समजू नयेत.

साठ्याचा सर्वांत विलक्षण वापर उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग हा बेडूक करतो. अलास्कापर्यंत आढळणारा हा जीव हिवाळ्यात पालापाचोळ्याखाली गोठतो. हृदय थांबते, शरीरातल्या पाण्याचा मोठा भाग बर्फ होतो. त्वचेला बर्फ लागताच त्याचे यकृत ग्लायकोजेन मोडून रक्तात ग्लुकोजचा पूर सोडते. ती साखर पेशींमधले पाणी धरून ठेवते आणि आतून बर्फ होऊ देत नाही. वसंतात बेडूक वितळतो आणि चालू लागतो. कोंबडीच्या रक्तातही दर शंभर मिलिलिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या वर ग्लुकोज असते. माणसात तो आकडा सरळ मधुमेहाचा ठरतो, पण पक्षी त्याच्यासह निरोगी जगतात. म्हणजे किती सुटे ग्लुकोज चालेल याची मर्यादा प्रत्येक वंशाने आपली आपण आखली आहे.

आता आतड्याच्या दाराशी येऊ. ग्लुकोजच्या सगळ्या अभ्यासातून सर्वाधिक जीव वाचले असतील ते या दाराच्या ज्ञानाने. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथे रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोज सोडियमच्या जोडीने शिरते. दोघे एकत्र आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. पटकीत आतडे पाणी ओतत असते, पण हे जोडीचे दार शाबूत असते. म्हणजे मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून पाजले तर शिरेत सुई न घालताही रुग्णाचे पाणी भरून निघेल. ढाका आणि कोलकात्यात १९६० च्या दशकात हे रुग्णालयात दिसलेही होते.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले आणि बनगाव इथे पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. रुग्ण जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचा द्राव संपत आलेला. त्यांनी मीठ, बेकिंग सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, त्या पाण्यात कालवून पिंपांत भरल्या आणि ते पाणी नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. डॉक्टर किंवा परिचारिका यांच्याशिवाय हा उपचार होऊ शकतो, हे मान्य करायला वैद्यकाची तेव्हा तयारी नव्हती. छावणीतले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते या उपचाराखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. मला ते फार उशिरा वाटते.

या द्रावातही ग्लुकोज जास्त होऊन चालत नाही. जास्त झाले तर आतड्यात न शोषलेले ग्लुकोज उलट पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे असलेले २० ग्रॅम ग्लुकोज १३.५ ग्रॅमवर आणले. घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा अधिक नाही. बाजारातली गोड शीतपेये किंवा नुसते ग्लुकोजचे पाणी जुलाबात देऊ नये.

शिरेतल्या बाटलीबद्दलही इथेच बोलले पाहिजे. खेड्यापाड्यांत अशक्तपणा आला की दवाखान्यात ग्लुकोज चढवून घ्यायची रीत आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, शंभरेक कॅलरी. एका मध्यम भाकरीत याहून जास्त मिळते. बेशुद्ध, उलट्या न थांबणाऱ्या किंवा साखर एकदम उतरलेल्या रुग्णाला शिरेतले ग्लुकोज जीवदान देते. बाकी अनेकांच्या बाबतीत अशक्तपणाचे कारण रक्तक्षय, क्षयरोग किंवा न ओळखलेला मधुमेह असते आणि बाटलीने ते झाकले जाते. मजुरीचा एक दिवस आणि बाटलीचे पैसे असे दोन्ही त्या घरातून जातात.

मधुमेहाची कहाणी अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाच्या लघवीप्रमाणे रक्तद्रवही गोड असतो हे दाखवले. १८८९ मध्ये फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले तर त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते टोचले गेले. इन्सुलिन स्नायू आणि चरबीच्या पेशींत दडलेली ग्लुकोजची दारे पृष्ठभागावर आणते आणि यकृताला ग्लुकोज सोडण्यापासून रोखते, म्हणजे ते मुळात बांधण्याचा हुकूम देणारे संप्रेरक आहे. हा हुकूम किती प्रभावी आहे हे कोनस जिओग्राफस या समुद्री गोगलगाईला माहीत असावे. ती पाण्यात माशाच्या इन्सुलिनसारखेच इन्सुलिन सोडते, माशाची साखर उतरते, तो सुस्तावतो आणि गिळला जातो. हे २०१५ मध्ये उघड झाले.

इन्सुलिन कमी पडले किंवा पेशींनी त्याचे ऐकले नाही, की सुटे ग्लुकोज साचते आणि ते लाखातले दोन-तीन उघडे रेणू आपले काम करू लागतात. १९६८ मध्ये तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन दिसले. ते ग्लुकोज चिकटलेले हिमोग्लोबिन होते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावर चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तीच आजची एचबीएवनसी तपासणी. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांची हानी हळूहळू होत जाते, त्यात या चिकटण्याचा वाटा आहे. रुग्णाला साखर वाढलेली जाणवत नाही, हाच त्यातला धोका.

कर्कपेशीही ग्लुकोजची अधाशी असते. ओटो वारबुर्ग यांनी हे १९२० च्या दशकात नोंदवले. आज पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज देतात. पेशी त्याला नेहमीप्रमाणे फॉस्फेट जोडते, पण पुढे मोडू शकत नाही. ते अडकते आणि गाठ चमकते. भारतात ही सोय प्रथम २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली. यावरून साखर सोडली की कर्करोग उपाशी मरतो असा निष्कर्ष काढतात, तो चुकीचा आहे. यकृत रक्तातली पातळी राखतेच, आणि उपास करून खंगतो तो रुग्ण.

भारतीयांपुरता सर्वांत गंभीर प्रश्न मात्र पुण्याजवळच्या खेड्यांत तपासला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. यांत लठ्ठ नसलेले लोक पुष्कळ आहेत. असे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानाने टिकून होती. याज्ञिक यांनी याला बारीक-लठ्ठ बाळ म्हटले. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपलेच फोटो आणि आकडे छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२.

जेवणानंतरचे ग्लुकोज ठेवायची सर्वांत मोठी जागा स्नायू. जन्मतःच ती जागा लहान असेल तर पुढे शहरात येऊन, बसून काम करत, पांढरा भात आणि मैदा खाणाऱ्या माणसाचे ग्लुकोज रक्तातच जास्त वेळ फिरत राहणार. या गावांतल्या मातांच्या रक्तात ब१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची खूण दिसते, असे याच अभ्यासातून पुढे आले. म्हणून २०१२ पासून, मोठ्या झालेल्या त्या मुला-मुलींना लग्नाआधीच ब१२ देऊन पुढच्या पिढीचा जन्म कसा बदलतो, हे पाहण्याचा प्रयोग पुण्याच्या या गटाने हाती घेतला. मधुमेहाचा प्रतिबंध चाळिशीत नव्हे, आईच्या किशोरवयातच सुरू करावा, असे त्याचे गृहीतक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींच्या आहारात दूध, अंडी, डाळ किती येते, हा प्रश्न त्यामुळे थेट ग्लुकोजच्या अभ्यासाचा झाला आहे.